पेलेट शेगडीत खंगर का धरतो?

सुगी संपली की मराठवाड्यात पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं भुसकट यांचे ढीग बांधावर पडतात, नाहीतर जागच्या जागी पेटवले जातात. हाच माल वाळवून, भरडून, यंत्रात दाबला की पेलेट, म्हणजे जळणाच्या छोट्या कांड्या, तयार होतात, साधारण 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या. बहुतेक वेळा वेगळा चिकटा लागत नाही. दाबाने तापल्यावर काडीतलं लिग्निन, म्हणजे तिला ताठ ठेवणारा घटकच, मऊ पडतं आणि भुशाला धरून ठेवतं.

पेलेट जाळायला पंख्याची शेगडी लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून आलेली ‘ऊर्जा’ ही अशी शेगडी 2006 पासून महाराष्ट्रातही विकली गेली. तिच्यात खालून थोडी हवा शिरते, त्या धगीत पेलेट वायू सोडतात. वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत तो वायू जळतो. ही वरची भोकं बुजली की ज्योत पिवळी, लांबट होते आणि भांडी काळी पडू लागतात. अशा वेळी पंखा वाढवण्यात अर्थ नाही. शेगडी गार झाल्यावर भोकांतून तार फिरवा, पात्यांवरची धूळ पुसा.

खरी डोकेदुखी मात्र तळाशी असते. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा जसा खंगर होतो, तसाच काळपट, काचेसारखा चकाकणारा, बुडबुड्यांची भोकं असलेला गोळा जाळीवर बसतो. निव्वळ वाळू वितळायला सुमारे 1,700 अंश सेल्सिअस लागतात. पण पिकांच्या राखेत वाळूच्या अंशासोबत पोटॅश भरपूर असतं, आणि पोटॅश-वाळूचं मिश्रण 800 अंशांच्या आसपासच पाघळू लागतं. त्यात पऱ्हाटी मुळासकट उपटली असेल तर काळी मातीही सोबत येते, म्हणजे वाळूची आणखी भर. युरोपात जळणाऱ्या पाइनच्या चांगल्या पेलेटांत राख 1 टक्क्यापेक्षा कमी. आपल्या काडीकचऱ्यात ती कितीतरी पट जास्त. म्हणून तिकडच्या माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो, इथे जाळी रोजच्या रोज साफ करावी.

खंगर गार झाल्यावर सळईने हलकेच उचकटला की बहुधा अख्खा निघतो. तापलेल्या बिडाच्या जाळीवर पाणी ओतू नका, ती तडकते. राख गार वाटली तरी पोटात निखारे कित्येक तास जिवंत राहतात. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच काढावी, प्लास्टिकच्या बादलीत नव्हे. आणि असा डबा घरात ठेवू नये: धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास, ना रंग. स्वयंपाक चालू असतानाही खिडकी उघडी हवीच.

पावसाळ्यात पोतं भिंतीला टेकवून ठेवलं तर पेलेट ओल धरतात, फुगतात आणि पुन्हा भुसा होतो. झाकणाचा ड्रम बरा. शेगडी महिनाभर बंद राहणार असेल तर आतली राख आधी झाडून काढा. ती हवेतली ओल ओढते आणि पत्रा गंजतो.

उरली राख. पोटॅश आहे म्हणून ती शेतात ओतण्याचा मोह होतो, पण आपली काळी जमीन मुळातच विम्लधर्मी आणि राखही तशीच. थेट पिकाला देण्यापेक्षा उकिरड्यावर पातळ थरांनी पसरलेली बरी, खंगराचे खडे मात्र आधी चाळून काढून.