इंजिन जाम झालंय? सेल्फ मारण्याआधी हे वाचा

जुन्या बोटींच्या मालकांसाठी माहितीपत्रक

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढल्या जातात, ताडपत्री चढते. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वर्सोव्यापासून ससून डॉकपर्यंत सगळीकडून आम्हा बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांना एकच फोन येतो: "इंजिन फिरत नाही, जाम झालंय." जाऊन उघडून बघावं तर थोडं नुकसान पावसानं केलेलं असतं आणि मोठं नुकसान त्याच सकाळी, पुन्हा पुन्हा सेल्फ मारून नाहीतर पान्ह्यात पाईप घालून. हे दुसरं नुकसान टाळता येतं, म्हणून हे पत्रक.

खरंच इंजिनच जाम आहे का?

सेल्फ मारल्यावर नुसता "टक" आवाज आला तर आधी बॅटरी बघा. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी काही लोड नसताना १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताच ती ९-१० च्या खाली कोसळली, तर बॅटरी तरी गेलेली असते किंवा इंजिन खरंच अडलेलं असतं. टर्मिनल हिरवं पडलं असेल तर घासून साफ करा. कधी कधी सेल्फचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसतं. सेल्फचे बोल्ट सैल केले की ते सुटतं आणि "जाम" इंजिन लगेच फिरतं.

मग पट्टा उतरवा. डायनॅमो किंवा पाण्याचा पंप अडकलेला असू शकतो. गिअर न्यूट्रलला आहे ना, तेही बघा. तरी शंका वाटली तर कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्ट वेगळा करा. पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असला किंवा शाफ्टचं बेअरिंग धरलेलं असलं, तर दोष इंजिनचा नसतोच. एवढं सगळं कुठलाही हुशार खलाशी करू शकतो. फक्त हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा. पेट्रोल इंजिन असेल तर फळ्या उघडून हवा खेळू द्या.

पाणी शिरलंय का?

पावसाळ्यानंतरच्या बोटीत आमचा पहिला संशय पाण्यावरच असतो. सायलेन्सर उभा असेल आणि त्यावरचा डबा वाऱ्यानं उडाला असेल, तर पाऊस सरळ आत उतरतो. सहा सिलिंडरचं इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी एखादा तरी एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहतोच, आणि पाणी त्याच सिलिंडरमध्ये जाऊन बसतं.

पाणी दाबलं जात नाही. ट्रकच्या घराण्यातलं, एका सिलिंडरला सुमारे एक लिटर असलेलं डिझेल इंजिन घ्या. पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ६० मिलीलिटर जागा उरते. म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासभर पाणीही पिस्टनला अडवायला पुरतं. अशा वेळी जोरात सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हजारांत सुटणारं काम लाखाकडे जातं.

म्हणून आधी ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल दुधाळ दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर पाणी चेंबरपर्यंत (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीपर्यंत) पोचलंय. त्यानंतर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी सगळी नोझल काढा (पेट्रोलला प्लग), भोकांवर फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा आणि क्रँकच्या पुलीचा बोल्ट धरून इंजिन हातानं, त्याच्या फिरण्याच्याच दिशेनं हळू फिरवा. पाण्याची पिचकारी उडाली आणि इंजिन मोकळं झालं, तर तुमचं नशीब चांगलं.

ते पाणी कुठलं, हेही कळलं पाहिजे. थेंबभर पाणी गरम पत्र्यावर टाका. पांढरं मीठ उरलं तर ते समुद्राचं, म्हणजे कूलर, गॅस्केट किंवा ओल्या एक्झॉस्टमध्ये गळती आहे. काहीच उरलं नाही तर पावसाचं. जिभेवर ठेवून बघू नका, कूलंट विषारी असतं.

पाणी नाही, तरी हलत नाही

आता खरा प्रश्न येतो: इंजिन चालता चालता थांबलं होतं, की नीट बंद करून ठेवलेलं असताना धरलं?

ठेवून धरलं असेल तर बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजून चिकटलेल्या असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारं ऑईल टाका आणि सोडून द्या. एक दिवस, दोन दिवस, लागला तर आठवडा. मधूनमधून पान्ह्यानं किंचित मागे-पुढे करून बघा. केसभर हललं तरी जिंकलात, पुन्हा ऑईल टाका आणि पुन्हा थांबा. पान्ह्याला पाईप लावू नका. जुन्या इंजिनात रिंग तुटायला किंवा बोल्टची मान पिळायला फार काही लागत नाही. सुटल्यावर नोझल बसवण्याआधी सेल्फनं फिरवून वरचं सगळं ऑईल बाहेर काढा, चेंबरचं ऑईल आणि फिल्टर बदला.

अर्धा फेरा फिरून दर वेळी त्याच जागी ठक्क अडत असेल, तर तो गंज नाही. वॉल्व्ह अडकलाय किंवा सिलिंडरमध्ये काहीतरी पडलंय. तिथेच थांबा, हेड उघडावं लागेल.

चालताना थांबलं असेल तर ऑईल टाकून काही होणार नाही. आपल्या समुद्रात प्लॅस्टिकची पिशवी पाण्याच्या तोंडावर चिकटते, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. किंवा ऑईलचा दाब जातो आणि बेअरिंग धरतं. (बझर सारखा वाजतो म्हणून त्याची वायर कापून ठेवलेल्या बोटी आम्ही बऱ्याच बघतो. नाखवा, तो त्यासाठीच वाजत होता.) अशा वेळी आम्ही ऑईल फिल्टर कापून बघतो. तांबूस किंवा चकाकता चुरा दिसला तर क्रँक बाहेर काढल्याशिवाय अंदाजपत्रक देत नाही. लायनर-पिस्टन बदलून भागत असेल तर जुनं इंजिन ठेवा, असंच आमचं मत असतं. क्रँकही गेला असेल तर दारूखान्यात (मुंबईतल्या भंगार बाजारात) चांगलं जुनं इंजिन बघणं बहुतेकदा स्वस्त पडतं. त्यात आमचं काम कमी होतं, तरी सांगतो.

छोट्या होडीचं बाहेर लावलेलं (आउटबोर्ड) इंजिन समुद्रात पडलं असेल तर ते उन्हात वाळवू नका. गोड्या पाण्यानं धुवा आणि मेकॅनिक येईपर्यंत गोड्या पाण्याच्या पिंपातच बुडवून ठेवा. हवा लागली की गंज तासाभरात सुरू होतो.

फोन करताना

इंजिनची कंपनी आणि मॉडेल, शेवटचं कधी चाललं, थांबताना आवाज किंवा धूर आला का, पट्टीवर ऑईल कसं दिसतं आणि आतापर्यंत कोणी काय काय करून बघितलं, हे सांगा. शेवटचं लपवू नका, उघडल्यावर ते दिसतंच. नोझल काढलेली असतील तर कुठलं नोझल कुठल्या सिलिंडरचं ते चिठ्ठी बांधून ठेवा आणि भोकं स्वच्छ फडक्यानं बंद करा.