झेडएक्स स्पेक्ट्रम

झेडएक्स स्पेक्ट्रम : ब्रिटिश बनावटीचा आठ-बिट (एका वेळी आठ द्विमान अंक, म्हणजे बिट, हाताळणारा) गृहसंगणक. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने तो २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ केबी (किलोबाइट) स्मृतीच्या संचाची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबी संचाची १७५ पौंड होती. आतील मांडणी रिचर्ड ऑल्टवॉसर यांची, बेसिक या संगणक-भाषेची आज्ञावली मुख्यतः स्टीव्ह व्हिकर्स यांची आणि बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचे. १९९२ पर्यंतच्या अधिकृत संचांचा खप साधारणतः ५० लाखांच्या घरात मानला जातो. विनापरवाना नकला यात धरलेल्या नाहीत.

एवढे यश कशामुळे मिळाले, याविषयी मतभेद आहेत. बीबीसीच्या संगणक-साक्षरता प्रकल्पाचे काम १९८१ मध्ये सिंक्लेअरला न मिळता एकॉर्न या कंपनीला मिळाले आणि तिचा बीबीसी मायक्रो हा संगणक शाळाशाळांत पोहोचला. एकॉर्नचे सहसंस्थापक क्रिस करी हे पूर्वी सिंक्लेअर रिसर्चचे संस्थापक क्लाइव्ह सिंक्लेअर यांचेच सहकारी. त्यामुळे या स्पर्धेला भाऊबंदकीची धार होती. स्पेक्ट्रम केवळ स्वस्त म्हणून खपला, असे बीबीसी मायक्रोचे चाहते मानत आले. कळफलक, बेसिक भाषा आणि जोडउपकरणांची सोय या बाबतींत बीबीसी मायक्रो सरस होता, हे निर्विवाद. मात्र त्याचे ‘बी’ प्रारूप लवकरच ३९९ पौंडांवर गेले. स्पेक्ट्रमची किंमत कमी राहिली ती रचनेतल्या कौशल्यामुळे, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चित्रस्मृतीच्या (पडद्यावरील चित्र साठवणाऱ्या स्मृतीच्या) हिशेबातून ते पटते.

पडद्यावर २५६ × १९२ बिंदू आणि १५ रंगछटा दिसत. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागले असते; १६ केबी संचात मुळी १६,३८४ बाइटच होते. म्हणून ८ × ८ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीला एकच रंग-बाइट दिला गेला : तीन बिट अक्षराच्या रंगाला, तीन पार्श्वभूमीला, एक उजळपणाला व एक लुकलुकण्याला. बिंदूंचे ६,१४४ आणि रंगांचे ७६८ मिळून ६,९१२ बाइटांत सगळा पडदा बसला. एका चौकटीत दोनच रंग मावत असल्याने खेळातले पात्र झाडासमोरून गेले की झाडाचा रंग त्याला लागे किंवा त्याचा झाडाला. हा दोष खराच. अनेक खेळकर्त्यांनी एकरंगी दृश्ये रचून त्यावर मात केली. काटकसर चिपांच्या खरेदीतही होती. ४८ केबी संचातील वरच्या ३२ केबींसाठी ६४ किलोबिटच्या, पण अर्धाच भाग चालणाऱ्या चिपा वापरल्या जात. त्या स्वस्तात मिळत; कोणता अर्धा भाग चांगला, ते मंडलफलकावरील एका तारेने ठरवले जाई.

रंगांची ही सरमिसळ सोडली, तर वापरणाऱ्याला यातले काही जाणवत नसे. घरचा टीव्ही आणि कॅसेट रेकॉर्डर जोडला की काम सुरू होई. रबरी कळफलकावर ‘जे’ दाबताच ‘लोड’ (टेपवरून आज्ञावली घेण्याची आज्ञा) हा पूर्ण शब्द उमटे. टेप सुरू झाली की पडद्याच्या कडेला आधी तांबडे-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावत. कर्कश आवाजात चारपाच मिनिटे गेल्यावर खेळ दिसे किंवा टेप चुकल्याची सूचना येऊन पुन्हा सुरुवात करावी लागे. त्या काळच्या कितीतरी मुलांनी आज्ञावली लिहिण्याचे पहिले धडे याच रबरी कळांवर गिरवले. यशाचा हा भाग आकड्यांत मोजता येत नाही, पण तो वगळणे अन्यायाचे ठरेल.

स्पेक्ट्रम+ (१९८४) आणि १२८ केबी ही पुढची प्रारूपे. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीने सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ५० लाख पौंडांना घेतला. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपात स्पेक्ट्रमच्या असंख्य नकला झाल्या.

भारतात शाळांसाठीच्या ‘क्लास’ प्रकल्पात (१९८४ पासून) बीबीसी मायक्रो आला. स्पेक्ट्रम+ मात्र पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ च्या सुमारास ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने परवान्याखाली काढला. त्याचे ५० हजारांवर संच विकले गेल्याचा उल्लेख आढळतो.