बेघर निवाऱ्यांचा "लाखामागे शंभर" हा आकडा आला कुठून

शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर बेघरांसाठी एक निवारा हवा, असा सुप्रीम कोर्टाच्या आदेशातला आकडा आहे, आणि त्याची गोष्ट बरीच आधी सुरू होते. जुलै 1981 मध्ये ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसांना मूळ गावी पाठवून द्यायचा निर्णय झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल 1985 चा, आणि त्यात रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला हे सगळे सांगतात, पण नोटीस देऊन झोपड्या काढता येतील असंही त्यातच आहे. फक्त पावसाळा संपल्यावर महिनाभर, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत हात लावू नका असं सांगितलं. म्हणजे पावसामुळे मुदत मिळाली, छप्पर नाही मिळालं.

मग 1988-89 पासून फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी रात्र निवाऱ्याची केंद्राची एक योजना होती. ती कशीबशी चालली आणि 2005 मध्ये बंद झाली.

खरी गोष्ट पुढची आहे. डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला, उघड्यावर पडलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या, आणि अन्नाच्या हक्काची जी जुनी केस आधीपासून चालू होती तिच्यातच हा विषय सुप्रीम कोर्टापुढे गेला. जानेवारी 2010 मध्ये आदेश आले आणि ते फक्त दिल्लीपुरते राहिले नाहीत, पाच लाखांवर वस्तीच्या सगळ्या शहरांना लागू झाले: दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, तोही वर्षाचे 365 दिवस, चोवीस तास.

आता हा हिशोब मला पहिल्यापासून खटकतो. आकडा शहराच्या एकूण वस्तीवर बांधलाय, तिथे बेघर किती आहेत त्यावर नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साधारण 1 कोटी 24 लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे आणि जागा साडेबारा हजार. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर मोजले गेले 57 हजारांच्या वर. मग नियम शंभर टक्के पाळला तरी पाचातले जेमतेम एकजण आत, बाकीचे चौघं बाहेरच. आणि ते 57 हजारही एका रात्रीत मोजलेले, 28 फेब्रुवारीच्या, पुलाखाली, जिन्यात, प्लॅटफॉर्मवर, मोठ्या पाइपात जे दिसले तेवढे. कोर्टाचा हेतू चांगला होता यात वाद नाही, अगदी काहीच नव्हतं तिथे "किमान एवढं तरी करा" असा तो आकडा होता, पण महापालिकांनी किमानचं कमाल करून टाकलं आणि तेवढंही बहुतेक ठिकाणी झालं नाही.

2013 मध्ये केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची वेगळी योजना आली. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, सामान ठेवायला लॉकर, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, सगळं कागदावर व्यवस्थित होतं. पैसा येऊनही वापरला जात नाही म्हणून कोर्टाला 2016 मध्ये पाहणीसाठी समितीच नेमावी लागली.

कागदावर चोवीस तास असलं तरी मनात मात्र सगळ्यांच्या अजून रात्रच आहे, आणि तीही हिवाळ्यातली. दिल्लीत थंडी वाढली की तंबू उभे राहतात, ब्लँकेट वाटतात, फोटो येतात. ते करायलाच हवं, थंडीत माणूस रात्रीत जातो. पण आपल्याकडे किनारपट्टीला खरा त्रास पावसाचा आणि विदर्भ-मराठवाड्यात उन्हाचा, तिथे ब्लँकेट काय करणार? पावसात ताडपत्रीखाली पाणी शिरलं की आधी भिजते ती कागदपत्रांची पिशवी आणि मग आधार नाही म्हणून पुढची सगळी दारं बंद. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बसवत नाही म्हणून माणसं परत झाडाखाली येतात, आणि मग अहवालात लिहितात की जागा रिकामी आहे, मागणीच नाही. नवराबायकोला वेगळं ठेवतात, हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी असेलच याची खात्री नाही, यामुळेही कितीतरी जण आत जात नाहीत. बाहेर झोपणाऱ्याला विचारलं तर तो हीच कारणं देतो, आणि मागणी मोजायचीच तर सुरुवात त्याच्यापासून करायला पाहिजे.