कमांडो, ब्रिटिश

कमांडो, ब्रिटिश : दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातील किनाऱ्यावर अचानक उतरून, नेमून दिलेले काम उरकून परतणारी, स्वयंसेवकांतून निवडलेली ब्रिटिश पथके. आज मराठीत ‘कमांडो’ म्हटले की एकटा सैनिक डोळ्यांपुढे येतो. १९४० साली मात्र हा शब्द पथकाचा वाचक होता. सुमारे पाचशे जणांचे पथक म्हणजे एक कमांडो, आणि त्याला क्रमांक असे : क्रमांक २ कमांडो, क्रमांक ३ कमांडो. व्यक्तीसाठी हा शब्द युद्धाच्या ओघात रूढ झाला. वाळवंटात काम करणारी स्पेशल एअर सर्व्हिस ही वेगळी संघटना. पण तिचा जन्म याच मंडळींतून झाल्याने तिचा विचार येथेच केला आहे.

शब्द व उगम : शब्द दक्षिण आफ्रिकेतला. केप वसाहतीतील बोअर (डच वंशाचे वसाहतवाले) शेतकरी स्वतःचा घोडा व बंदूक घेऊन मोहिमेवर निघत, त्या जमावाला ‘कोमांडो’ म्हणत. ही प्रथा सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्याच्या प्रारंभी आकाराला आली असावी. शब्दाचे मूळ पोर्तुगीज मानले जाते. तो केपमध्ये थेट आला की डच लष्करी भाषेतून, याविषयी कोशकारांचे एकमत नाही. या मोहिमांचा मार मुख्यतः सान आणि खोईखोई या मूळ रहिवाशांना बसला, ही गोष्ट शब्दाच्या गौरवकथेत बहुधा गाळली जाते. १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअरांच्या विखुरलेल्या घोडेस्वार टोळ्यांनी संख्येने कितीतरी मोठ्या ब्रिटिश फौजेला झुंजवत ठेवले, आणि शब्द इंग्रजीत कायमचा आला. वार्ताहर म्हणून गेलेला विन्स्टन चर्चिल १५ नोव्हेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत चिलखती आगगाडीवरील हल्ल्यात बोअरांच्या हाती सापडला होता.

या पार्श्वभूमीमुळे कमांडोंच्या कल्पनेचे श्रेय पुष्कळदा चर्चिलला दिले जाते. डंकर्कची माघार संपताच, जून १९४० च्या पहिल्या आठवड्यात, त्याने जर्मनव्याप्त किनाऱ्यावर शिकारी वृत्तीच्या सैनिकांचे छापे घालावेत, असे टिपण लिहिले, हे खरे. दुसरे मत लेफ्टनंट कर्नल डडली क्लार्क याच्या बाजूचे. क्लार्कचा जन्म १८९९ चा, जोहान्सबर्गचा. १९४० मध्ये तो सरसेनापती जनरल जॉन डिल याचा लष्करी साहाय्यक होता. ४ जूनच्या रात्री आपण योजना एका कागदावर उतरवली आणि ‘कमांडो’ हे नावही सुचवले, असे त्याने पुढे लिहिले. थोड्याच दिवसांत तिला मंजुरी मिळाली. तिसरे मत दोघांच्याही मागे जाते : एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेसाठी ‘इंडिपेंडंट कंपन्या’ उभारल्या होत्या, त्यांतील काही कॉलिन गबिन्स याच्या हाताखाली तेथे लढल्या, आणि युद्धखात्यातील एक छोटा विभाग गनिमी युद्धाचा अभ्यास त्याहीआधीपासून करीत होता. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. २४–२५ जून १९४० च्या रात्री बुलोनजवळच्या किनाऱ्यावर पहिला छापा पडला, तो मेजर रॉनी टॉड याच्या हाताखालील सुमारे ११५ जणांनी. आणि ती तुकडी होती क्रमांक ११ इंडिपेंडंट कंपनी. नाव क्लार्कचे, राजकीय बळ चर्चिलचे, माणसे मात्र आधीची, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. निरीक्षक म्हणून गेलेल्या क्लार्कच्या कानाला गोळी चाटून गेली. त्या रात्री जखमी झालेला ब्रिटिश तो एकटाच.

मराठी लेखनात कमांडोंचे नाते गनिमी काव्याशी जोडण्याची प्रथा आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालात शिरून शायिस्ताखानावर घातलेला छापा पाहता साम्य नाकारता येत नाही : निवडक माणसे, रात्रीची वेळ, आणि आत शिरण्याइतकाच बाहेर पडण्याचा विचार. पण साम्य म्हणजे वंश नव्हे. क्लार्कपुढे उदाहरण बोअरांचे होते.

नावाबाबत आणखी एक गुंता आहे. कमांडोंच्या ब्रिगेडला आरंभी ‘स्पेशल सर्व्हिस ब्रिगेड’ असे अधिकृत नाव होते. त्याची आद्याक्षरे एसएस या नाझींच्या कुख्यात सशस्त्र संघटनेशी जुळत. सैनिकांना ती सहन होत नसत. १९४४ च्या अखेरीस ‘कमांडो ब्रिगेड’ हे नाव अधिकृत झाले.

निवड व शिक्षण : सैनिकाला बराकीऐवजी राहण्या-जेवण्याचा भत्ता मिळे (शिपायाला दिवसाला ६ शिलिंग ८ पेन्स) आणि तो आपली सोय स्वतः करी. यातून स्वावलंबन येते, असा त्यामागे विचार होता. मोठी शिक्षा एकच : मूळ पलटणीत परत पाठवणी. १९४२ पासून स्कॉटलंडमधील अॅक्नाकॅरी येथे लेफ्टनंट कर्नल चार्ल्स व्हॉन याच्या देखरेखीखाली शिक्षण चाले. कमांडोंचा प्रसिद्ध दुधारी खंजीर फेअरबर्न आणि साइक्स या शांघाय पोलिसांतील दोन माजी अधिकाऱ्यांनी आखला. हिरवी टोपी १९४२ मधली.

छापे : सुरुवातीचे छापे किरकोळ होते, जुलै १९४० चा गर्न्सी बेटावरील छापा तर पूर्ण फसला. ४ मार्च १९४१ रोजी नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर क्रमांक ३ आणि ४ कमांडो उतरले. लक्ष्य होते माशांच्या तेलाचे कारखाने, कारण त्या तेलातून स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन मिळे. कारखाने जळाले, दोनशेहून अधिक कैदी आणि तीनशेवर नॉर्वेजियन स्वयंसेवक इंग्लंडला आले, आणि क्रेब्स या जर्मन नौकेवर एनिग्मा सांकेतिक यंत्राची चक्रे सापडली. गुप्तलेखनाच्या इतिहासात छाप्याचे महत्त्व आहे ते या चक्रांमुळे.

छाप्याचे मोजमाप शौर्यावर करण्याची सवय आहे. प्रत्यक्षात ते दोन गोष्टींवर करावे लागते : भरती-ओहोटी, फ्यूज यांसारख्या तांत्रिक बाबी किती साधल्या, आणि माणसे परत कशी येणार होती. सँ नाझेर या फ्रेंच बंदरावरील छापा (२८ मार्च १९४२) पहिल्या कसोटीवर असामान्य आहे, दुसरीवर करुण. अटलांटिक किनाऱ्यावर टिर्पिट्झ ही प्रचंड जर्मन युद्धनौका मावेल अशी सुकी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करण्याची जागा) तेथेच होती. गोदी मोडली तर टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये उतरण्याचे धाडस करणार नाही, असा हिशेब होता. त्यासाठी कॅम्पबेलटाउन ही जुनी, मूळची अमेरिकन, विनाशिका निवडली. लुआर नदीच्या मुखाशी खोल मार्गावर जर्मन तोफांचा पहारा होता. म्हणून उधाणाच्या भरतीत वाळूच्या पट्ट्यांवरून जायचे ठरले आणि त्यासाठी जहाज हलके करण्यात आले. तरीही ते दोनदा तळाला घासले. नाळेमागे पोलादी टाकीत, काँक्रीटने मढवून, पाणबुडीविरोधी स्फोटकांचे चोवीस पिंपे ठेवले होते : एकूण चार टनांहून अधिक स्फोटके. मध्यरात्रीनंतर १ वाजून ३४ मिनिटांनी, ठरल्या वेळेहून चार मिनिटे उशिरा, जहाज गोदीच्या दरवाजावर आदळले.

येथे फ्यूजविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कमांडोंच्या नेहमीच्या वापरातील ‘टाइम पेन्सिल’ ही पेन्सिलीएवढी नळी होती. तिचे टोक दाबले की आतली काचेची कुपी फुटे, तांब्याच्या क्षाराचे द्रावण एका बारीक तारेला खाऊ लागे आणि तार तुटली की स्प्रिंगचा खटका स्फोटकाला चेतवी. मुदतीप्रमाणे नळीवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे असत. मुदत तपमानावर अवलंबून : थंडीत ती वाढे, उन्हात घटे. घड्याळासारखी टिकटिक नाही, हा तिचा गुण. नेमकेपणा नाही, हा दोष. कॅम्पबेलटाउनवर लांब मुदतीचे फ्यूज होते आणि सकाळी नऊच्या आत स्फोट व्हायला हवा होता. तो साडेदहाच्या सुमारास झाला. काही वृत्तांत दुपारच्या आसपासची वेळ देतात. तोपर्यंत जहाज पाहायला पुष्कळ जर्मन वर चढले होते. गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी राहिली, आणि टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये आली नाही.

परतीची भिस्त लाकडी मोटरबोटींवर होती. त्यांच्या डेकवर पेट्रोलच्या जादा टाक्या होत्या. बहुतेक बोटी नदीतच पेटल्या. धक्क्यावर उभ्या सैनिकांना परतीचे साधन उरले नाही. लेफ्टनंट कर्नल चार्ल्स न्यूमन याने शहरातून लढत बाहेर पडून स्पेन गाठण्याचा हुकूम दिला. पाच जण तेथे पोचले. सुमारे ६११ जणांपैकी १६९ ठार आणि २१५ कैद झाले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक पाच जणांना दिले गेले. दोन दिवसांनी उशिरा फुटलेल्या टॉर्पेडोंमुळे गोंधळ उडून जर्मनांनी गोळीबार केला, त्यात फ्रेंच नागरिकही मेले. त्यांची गणती छाप्याच्या हिशेबात सहसा होत नाही.

डिसेंबर १९४२ मध्ये मेजर हॅस्लर याच्या नेतृत्वाखाली रॉयल मरीन या नौदलाच्या सैनिकी दलाचे दहा जण ट्यूना पाणबुडीतून पाच घडीच्या होड्यांनी जिरोंद नदीत शिरले. बोर्डो बंदरातील जहाजांना चुंबकाने चिकटणारे सुरुंग लावून त्यांनी पाच किंवा सहा जहाजांचे नुकसान केले. पाणबुडी थांबणार नव्हती. परतायचे ते पायी, फ्रान्स ओलांडून. हॅस्लर आणि बिल स्पार्क्स हे दोघेच वाचले. दोघे गारठून मेले, सहा जणांना जर्मनांनी पकडून ठार केले. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने काढलेल्या ‘कमांडो आदेशा’नुसार असे सैनिक गणवेशात असले, शरण आले, तरी त्यांना मारायचे होते. निमित्त म्हणून फ्रान्समधील द्येप आणि इंग्लिश खाडीतील सार्क बेट येथील छाप्यांत जर्मन कैद्यांचे हात बांधल्याचा मुद्दा पुढे करण्यात आला. नॉर्वेतील ग्लोमफ्योर्द वीजकेंद्रावरील छाप्यानंतर पकडलेल्या सात जणांना या आदेशानंतर पाच दिवसांनी झाक्सेनहाउझेन छळछावणीत गोळ्या घालण्यात आल्या. सैनिकाला मिळणारे कायद्याचे संरक्षण केवळ कामाच्या पद्धतीवरून काढून घेणे, हा उघड युद्धगुन्हा होता.

स्पेशल एअर सर्व्हिस : हे नाव मूळचे हूल होते. ईजिप्तमध्ये शत्रूला फसवण्याच्या कामावर असलेल्या क्लार्कनेच अस्तित्वात नसलेल्या, हवाई छत्र्यांनी उतरणाऱ्या ब्रिगेडसाठी ते योजले होते. जुलै १९४१ मध्ये डेव्हिड स्टर्लिंग याने उभारलेल्या तुकडीला ते मिळाले. संस्थापकाचा मान एकट्या स्टर्लिंगला द्यावा काय, याविषयी अलीकडे मतभेद आहेत. प्रशिक्षण आणि स्फोटके यांत जॉक लुइस याचा, तर प्रत्यक्ष छाप्यांत पॅडी मेन याचा वाटा फार मोठा होता. नोव्हेंबर १९४१ चा पहिला छापा वादळी वाऱ्यात छत्र्यांनी उतरताना उधळला. ५५ पैकी २१ किंवा २२ जण परतले. त्यांना आणायला आलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या वाळवंटात टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश तुकडीच्या ट्रकांनी तोडगा सुचवला : परत आणू शकणारे वाहनच आत का नेऊ नये? पुढील महिन्यात लिबियातील तामेतच्या धावपट्टीवर मेनच्या लोकांनी विमाने नष्ट केली. जुलै १९४२ मध्ये अठरा जीपगाड्यांनी ईजिप्तमधील सिदी हनैश विमानतळावर गोळ्यांचा वर्षाव केला. ३७ विमानांचा आकडा सांगितला जातो, तो छापा घालणाऱ्यांचा दावा आहे.

आशिया व भारत : ३ कमांडो ब्रिगेडची पथके १९४४ मध्ये मुंबईला उतरली आणि पुण्याजवळ केडगाव येथे त्यांची छावणी होती. पुढे ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथील टेकडी १७० वर ३१ जानेवारी १९४५ रोजी निकराची लढाई झाली. लेफ्टनंट जॉर्ज नोलंड याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९ मार्च १९४३ च्या रात्री गोव्यातील मुरगाव बंदरात एरेनफेल्स या जर्मन जहाजावर झालेला छापा पुष्कळदा कमांडोंच्या खात्यावर टाकला जातो. तो ब्रिटिशांच्या गुप्त कारवाई संघटनेचा होता, आणि माणसे होती कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी राखीव घोडदळातली. गोवा पोर्तुगीज, म्हणजे तटस्थ. त्यामुळे गणवेशातील सैन्य वापरणे शक्य नव्हते. एरेनफेल्सबरोबर बंदरातील आणखी दोन जर्मन आणि एक इटालियन जहाज त्यांच्याच खलाशांनी जाळून बुडवले. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना संदेश जात होते, हे छाप्याचे समर्थन सर्वांना मान्य नाही. प्रकरण १९७८ पर्यंत जाहीर झाले नव्हते.

याच संघटनेची पुढे फोर्स १३६ म्हणून ओळखली गेलेली शाखा पुण्याजवळ खडकवासला-सिंहगड परिसरात गनिमी युद्धाचे शिक्षण देत असे. मलायात उतरवायचे चिनी स्वयंसेवक १९४३ च्या सुमारास तेथे तयार झाले. लाल महालातून निघालेले महाराज परंपरेनुसार याच सिंहगडाकडे गेले होते.

स्पेशल एअर सर्व्हिस ऑक्टोबर १९४५ मध्ये विसर्जित झाली आणि काही वर्षांत पुन्हा उभी राहिली. भूदलाचे कमांडो १९४६ मध्ये मोडले. हिरवी टोपी रॉयल मरीनकडे राहिली.