धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट: कोणाला मिळते, कागद कोणते, अर्ज कधी करायचा

डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडतं आणि मग घरचे लोक विचारायला जातात, "काही सवलत होईल का?" तोवर उशीर झालेला असतो. धर्मादाय रुग्णालयातली सवलत मागायची वेळ म्हणजे रुग्ण दाखल होतो तो दिवस.

महाराष्ट्रात चारशेहून अधिक धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालवलेली, रुग्णालयं आहेत. मुंबईतली जसलोक, लीलावती, हिंदुजा, पुण्यातली रुबी हॉल, जहांगीर अशी मोठी नावंही त्यांत येतात. इमारत चकचकीत आहे म्हणून तिथे गरिबासाठी खाट नसेल, असं धरून चालू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात जमा होते आणि निर्धन रुग्णाचं बिल त्यातून वळतं होतं. म्हणजे तुम्ही मागताय तो उपकार नाही. संकोच न करता मागा.

पात्रता

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात. जुन्या माहितीपत्रकांत ८५ हजार आणि १ लाख ६० हजार हे आकडे दिसतात, त्या मर्यादा आता मागे पडल्या. उत्पन्न रुग्णाचं एकट्याचं नव्हे, कुटुंबाचं धरतात.

पैशांचा हिशेब

खाट, निवासी डॉक्टर, परिचारिका, चादरी, पाणी, वीज आणि रुग्णालय देत असेल तर जेवण, यांचे पैसे दोन्ही गटांना लागत नाहीत. बाकीचं बिल रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने लावायचं असतं. औषधं, इतर साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) रुग्णालयाला ज्या भावात पडले त्याच भावात धरायचे, छापील किमतीत नाही.

उदाहरणार्थ, या दरांनी तपासण्या-शस्त्रक्रियेचे ५० हजार आणि औषधं-साहित्याचे ३० हजार झाले. निर्धन रुग्णाला काहीच भरावं लागत नाही, सगळं निधीतून जातं. दुर्बल घटकातल्या रुग्णाला दोन्हींवर ५० टक्के सवलत मिळाली, तर २५ आणि १५ असे मिळून ४० हजार भरावे लागतात. स्टेंट, सांध्याचे इम्प्लांट असतील तर खरेदीभाव जरूर विचारा. बिल फुगतं ते बहुधा तिथेच.

कागदपत्रं

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका, रुग्णाचं आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि खर्चाचं अंदाजपत्रक. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा. शिधापत्रिका पांढरी असेल तर दाखल्यावरच भिस्त ठेवावी लागते.

दाखला सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळतो. त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तिथेच दिवस मोडतात. घरातला एक माणूस रुग्णापाशी, दुसरा थेट तलाठ्याकडे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करा. दाखल्याची मुदत बघा. ती साधारण ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलमध्ये जुना दाखला घेऊन गेलेले लोक हमखास परत फिरतात. दुसरी अडचण नावाची: आधारवर 'सुनीता', शिधापत्रिकेवर 'सुनिताबाई'. असा फरक असेल तर तो अर्जातच लिहून टाका.

अर्ज

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचं टेबल असतं. ते कुठे आहे हे रिसेप्शनवर विचारा. अर्ज ऑनलाइन की कागदावर, हे तिथेच कळेल. कागदावर दिलात तर झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. दाखल होताना सर्वसाधारण वॉर्डच मागा. स्वतंत्र खोली घेतली की अर्ज अडकतो.

त्याच दिवशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचार योजनेचं, विचारा. रुग्णालय त्या योजनेत असेल तर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, भेटेल. तिथे उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. चौकशीचा क्रमांक १५५३८८.

तातडीच्या रुग्णाचा नियम वेगळा आहे. धर्मादाय रुग्णालयाने त्याला लगेच दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट न मागता प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे आणि गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात पोहोचवायचं. कागद नंतर आणतो, हे लेखी द्या.

"खाटा भरल्यात" किंवा "निधी संपला" असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा. दिलं नाही तर नकार कोणी, कधी, किती वाजता दिला ते टिपून जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करा. मुख्यालय वरळी, मुंबई इथे आहे.

आपल्याकडूनही

उत्पन्न खरं सांगा, आरोग्य विमा असेल तर लपवू नका. खोट्या दाखल्याने जी खाट अडते ती खऱ्या गरजूची असते. रुग्ण घरी घेत असलेल्या गोळ्या, ॲलर्जी, जुने आजार, काही आयुर्वेदिक चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. भूल देण्यापूर्वी हे कळणं जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं. संमतीपत्र समजल्याशिवाय सही करू नका, समजेल अशा भाषेत सांगायला लावा. राग कितीही आला तरी कर्मचाऱ्यांवर हात उचलू नका. २०१० च्या राज्य कायद्यानुसार तो अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई वेगळी.

रुग्ण दगावला आणि बिल बाकी असलं, तरी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि तपशीलवार बिल ताब्यात घ्या. इनडोअर केसपेपरची (दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींची) प्रत हवी असेल तर लेखी अर्ज द्या. अर्जानंतर ७२ तासांत ती देणं बंधनकारक आहे. मात्र हे कागद जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे, त्यामुळे मागायचे तर लवकर मागा.