किंग्स्टन, नैरोबी, सॅन फ्रान्सिस्को : एका विद्याशाखेची पार्श्वभूमी

१५ ऑक्टोबर १९६८. कॅनडाहून आलेलं विमान जमैकात किंग्स्टनला उतरलं आणि त्यातल्या एका प्रवाशाला सरकारने देशात पाऊल ठेवू दिलं नाही. त्याचं नाव वॉल्टर रॉडनी, वय २६, मूळचा गयानाचा. वेस्ट इंडीज विद्यापीठात तो आफ्रिकेचा इतिहास शिकवत होता. वर्गात शिकवत होता तोवर कुणाची हरकत नव्हती. पण तो संध्याकाळी रास्ताफारी (आफ्रिकेला मायभूमी मानणारा जमैकातला गरीब धर्मपंथ) वस्त्यांमध्ये, अंगणात, रस्त्याकडेला बसून बेरोजगार पोरांना इथिओपियाच्या, बेनिनच्या, काँगोच्या जुन्या राज्यांची माहिती सांगू लागला, तेव्हा सरकारला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी विद्यापीठाचे लाल गाउन घालून मोर्चाने निघाले. शहरातले लोक त्यात मिसळले, बसगाड्या पेटल्या, काही जणांचा जीव गेला. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या राजांच्या गोष्टींवरून राजधानी पेटते, ही साधी बाब नव्हे.

रॉडनीला अडवल्याच्या बरोबर नऊ दिवसांनी केनियात नैरोबीला तीन अध्यापकांनी एक टिपण सादर केलं : विद्यापीठातला इंग्रजी विभाग बंद करा. त्यानंतर तेरा दिवसांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला, तो साडेचार महिने चालला. तिन्ही ठिकाणच्या लोकांनी मिळून काही ठरवलेलं नव्हतं. तरी आज अमेरिकेतल्या, कॅरिबियनमधल्या, आफ्रिकेतल्या विद्यापीठांत आफ्रिका आणि जगभर विखुरलेला आफ्रिकी समाज यांचं साहित्य, कला आणि इतिहास एकत्र शिकवणारे जे विभाग दिसतात, त्यांची मुळं शोधताना या तीन आठवड्यांपाशी थांबावंच लागतं.

त्याआधी विद्यापीठांची समजूत काय होती? जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आफ्रिकेला जगाच्या इतिहासाबाहेर बसवून टाकलं होतं. १९६३ मध्ये, म्हणजे डझनावारी आफ्रिकी देश स्वतंत्र झाल्यावरही, ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर व्याख्यानात सांगत होते की आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीयांच्या तिथल्या कामगिरीचा, बाकी बहुतेक सगळा अंधार. कलेबाबतही तेच. १९१० मध्ये जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियसला नायजेरियातल्या इफे गावात धातूत घडवलेला एक मानवी चेहरा दिसला. इतकं नाजूक, जिवंत काम पाहून त्याने काय निष्कर्ष काढावा? हे इथल्या लोकांचं काम असणं शक्य नाही, ही दंतकथेतल्या, समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटाची खूण असली पाहिजे! पुढे १९३८ मध्ये त्याच गावात घराचा पाया खणताना असे चेहरे एकापाठोपाठ एक निघाले आणि अटलांटिसची गोष्ट तिथेच संपली. पण युरोपातल्या संग्रहालयांत आफ्रिकी शिल्पं नंतरही बराच काळ मानववंशशास्त्राच्या कपाटात राहिली, कलादालनात नाही.

या समजुतीला पुराव्यानिशी उत्तर द्यायला सुरुवात केली ती बहुतांशी विद्यापीठाबाहेरच्या लोकांनी, आणि मला या सगळ्या इतिहासातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पोर्तो रिकोत १८७४ साली जन्मलेले आर्तुरो शॉम्बर्ग न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरीला होते. काळ्या लोकांना ना इतिहास ना थोर पुरुष, असं शाळेतल्या शिक्षिकेने सांगितलं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं, असं म्हणतात. पगारातून पैसे काढून ते जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत गेले. १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी त्यांचा संग्रह १०,००० डॉलरला घेतला गेला. तो हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला. मिळालेल्या पैशांचं शॉम्बर्ग यांनी काय केलं, तर स्पेन गाठलं. चित्रकार वेलाझ्केझ याच्याकडे गुलाम असलेला आणि पुढे स्वतः चित्रकार झालेला हुआन दे पारेखा याच्या चित्राचा माग काढायचा होता. छंद असावा तर असा.

कार्टर वुडसन यांची वाट वेगळी. आईवडील गुलामीतून सुटलेले, स्वतः वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत राबलेले. १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवल्यावर १९१५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी संस्था काढली, पुढच्या वर्षी नियतकालिक, १९२६ मध्ये फेब्रुवारीतला इतिहास सप्ताह. आज अमेरिकेत पाळला जातो तो कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना याच सप्ताहातून १९७६ मध्ये झाला. त्यांच्याआधी, १८९५ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकन ठरले होते. प्रबंध गुलामांच्या व्यापारावर. आयुष्याच्या शेवटी ते आफ्रिकेचा ज्ञानकोश करायला घानात गेले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रात वारले. यांचं काम जिवंत ठेवलं ते हॉवर्ड, अटलांटा, फिस्क अशा कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांनी, चर्चनी, शाळामास्तरांनी. गोऱ्या विद्यापीठांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

आफ्रिकेतल्या विद्यापीठांची अडचण आपल्याला चटकन कळेल, कारण मुंबई विद्यापीठसुद्धा १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं राहिलं. नायजेरियात १९४८ मध्ये निघालेलं इबादानचं कॉलेज लंडनच्याच पदव्या देत असे. अभ्यासक्रम लंडनच्या संमतीने. तिथे केनेथ डिके या इतिहासकाराने नायजर नदीच्या मुखाकडच्या व्यापारावर लिहिताना वसाहती दफ्तराबरोबर लोकांच्या तोंडी असलेल्या परंपराही साधन म्हणून वापरल्या. तोंडी परंपरा पुराव्यादाखल चालते का, यावर मग बराच खल झाला. बेल्जियन संशोधक यान व्हान्सिना यांनी १९६१ मध्ये तिची पारख कशी करावी याची पद्धतच मांडली : कोण सांगतो, कुणाकडून ऐकलं, सांगण्यात त्याचा काय फायदा. बखरी वाचणाऱ्यांना हे प्रश्न नवे नाहीत. घानात राष्ट्राध्यक्ष एनक्रुमा यांनी १९६३ मध्ये लेगॉनच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास संस्थेचं उद्घाटन केलं. तिथे संगीत आणि नृत्य हे इतिहासाच्या बरोबरीने अभ्यासाचे विषय झाले. क्वाबेना एनकेटिया यांच्यासारखा ढोलांच्या भाषेचा जाणकार पुढे तिचा संचालक झाला.

आता नैरोबी. सप्टेंबर १९६८ मध्ये तिथल्या इंग्रजी विभागाच्या प्रमुखांनी विभागाच्या विस्ताराचा प्रस्ताव मांडला. एका संस्कृतीची अखंड परंपरा विद्यार्थ्यांनी अभ्यासली पाहिजे, असं त्यात गृहीत होतं. ती परंपरा अर्थात इंग्रजी. कादंबरीकार न्गूगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्यूम्बा आणि टाबन लो लियोंग या तीन अध्यापकांनी उलट विचारलं, अखंड परंपराच हवी तर ती आफ्रिकी का नको? इंग्रजी मधोमध आणि बाकी सगळे कडेला, ही मांडणी त्यांनी उलटी केली. मधोमध पूर्व आफ्रिका. त्याभोवती उरलेली आफ्रिका, मग कॅरिबियन आणि आफ्रिकी-अमेरिकन साहित्य, मग आशिया, युरोप. सर्वांत धाडसी मुद्दा मौखिक साहित्याचा. गाणी, म्हणी, कोडी, कथा हे लेखी साहित्याआधीचं कच्चं रूप नाही, ते आजही रचलं जाणारं साहित्य आहे आणि अभ्यासाची सुरुवात तिथून व्हावी. युरोप नको, असं ते कुठेही म्हणत नव्हते. त्यांच्यावर ती टीका झाली ती टिपण न वाचताच झाली असावी. पुढे इंग्रजी विभाग जाऊन तिथे साहित्य विभाग आला. न्गूगी स्वतः इंग्रजी कादंबऱ्या सोडून गिकुयू या मातृभाषेकडे वळले. कामिरिथू गावातल्या शेतकऱ्या-कामगारांबरोबर केलेल्या गिकुयू नाटकानंतर १९७७च्या शेवटच्या दिवशी त्यांना अटक झाली. इंग्रजीत लिहीत होते तोवर सरकारने त्यांना हात लावला नव्हता.

सॅन फ्रान्सिस्कोत प्रश्न आणखी सरळ होता : वर्गात कोण बसणार आणि शिकवणार कोण? कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या दबावामुळे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांना फेब्रुवारी १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा अभ्यासक्रम आखायला आणलं होतं, पण विभाग काही निघेना. इंग्रजी शिकवणारे जॉर्ज मरे हे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाचे पदाधिकारी. त्यांना निलंबित करताच ६ नोव्हेंबरला संप सुरू झाला. आशियाई, मेक्सिकन, मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांच्या संघटना सामील झाल्या आणि मागण्या पंधरा झाल्या. स्वतंत्र विभाग आणि त्यासाठी वीस पूर्णवेळ जागा ही त्यातली एक. त्या वर्षातले कॉलेजचे तिसरे अध्यक्ष होते एस. आय. हायाकावा, भाषा आणि शब्दार्थाचे अभ्यासक. २ डिसेंबरला ते संपकऱ्यांच्या ध्वनिक्षेपक लावलेल्या गाडीवर चढले आणि त्यांनी तारा उपटल्या. टीव्हीवर ते दृश्य देशभर दिसलं, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रीगन खूश झाले, आणि हायाकावा पुढे चक्क सिनेटर झाले. शब्दार्थाच्या पंडिताने वायर उपटून वाद मिटवायला जावं, यावर काय बोलावं! जानेवारीत प्राध्यापकांची युनियनही संपात उतरली, एकाच दिवशी चारशेहून अधिक जणांना अटक झाली. २० मार्च १९६९ ला तडजोड झाली. विभाग मिळाला, त्याच वर्षी वांशिक समाजांच्या अभ्यासाची स्वतंत्र शाखा निघाली. हेअर यांची मात्र नेमणूक पुढे चालू राहिली नाही. ज्याने आराखडा केला तोच बाहेर.

त्यानंतर लाटच आली. कॉर्नेल विद्यापीठात एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी इमारत ताब्यात घेतली, त्याच वर्षी या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. हार्वर्ड, येल मागे राहिले नाहीत. घाईत काढलेले बरेच विभाग सत्तरीच्या दशकात पैशाअभावी बंदही पडले. आफ्रिकेच्या अभ्यासकांची जी संघटना होती तिच्यातही १९६९ च्या माँट्रियल अधिवेशनात स्फोट झाला. संघटना गोऱ्यांच्या हातात आहे, असं म्हणून कृष्णवर्णीय सदस्यांनी मंच ताब्यात घेतला. आफ्रिका एका विभागात आणि आफ्रिकी-अमेरिकन दुसऱ्या, ही फाळणी तेव्हापासून अनेक ठिकाणी राहिली.

ती जोडायचं काम केलं ते आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या समाजाकडे एकत्र पाहणाऱ्या इतिहासकारांनी. १९६५ मध्ये दार-ए-सलामच्या परिषदेत जॉर्ज शेपरसन यांनी ही कल्पना मांडली. हॉवर्ड विद्यापीठाचे जोसेफ हॅरिस यांनी तिला अटलांटिकपलीकडे नेलं. त्यांचं १९७१चं पुस्तक आशियात आणलेल्या आफ्रिकींवर आहे, आणि इथे महाराष्ट्र मध्येच येतो. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झालेला, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवणारा मलिक अंबर आपल्याला ठाऊक असतो. जंजिऱ्याचे सिद्दीही ठाऊक असतात. नाशिकचं शरणपूर मात्र विस्मरणात गेलं. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनऱ्यांनी तिथे शिकवलं. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये ब्रिटिश मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं हृदय पुरताना प्रार्थना त्याने वाचली आणि पार्थिवाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची फ्रीअरटाउन वसाहत झाली तेव्हा नाशिक-मुंबईकडचे शिकलेले आफ्रिकी तिथे शिक्षक, कारागीर म्हणून परत गेले. वसाहतीला नाव मिळालं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं.

भारतात आफ्रिका अभ्यास आला तो परराष्ट्र धोरणाच्या वाटेने : दिल्ली विद्यापीठात १९५५, मुंबई विद्यापीठात १९७१. त्यामुळे भर राजकारण आणि अर्थकारणावर राहिला. साहित्य वेगळ्या दाराने आलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलं होतं. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. साठच्या दशकात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अमेरिकेतून शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याची चर्चा सुरू केली, १९७२ मध्ये दलित पँथर आली, आणि जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. मुंबईच्या आफ्रिका विभागाचा यात हात नव्हता. हे वाचन चालत होतं ते मराठी आणि इंग्रजीच्या वर्गांत, लघुनियतकालिकांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत.