रक्त, ऑक्सिजन आणि मिलिसेकंदांची शर्यत

रेडिएशन चालू असताना पेशंटचं हिमोग्लोबिन उतरतं, डॉक्टर रक्त चढवायला सांगतात आणि नातेवाइकांपैकी कुणीतरी हटकून म्हणतं, "नको, त्या रक्तावर गाठच पोसेल." ऐकायला पटतं. पण किरणोपचारात अडचण नेमकी उलटी असते. रक्त न पोचणाऱ्या पेशीच मारायला सगळ्यात अवघड.

का, ते पाहण्यासाठी पेशीच्या आत जायला हवं. पेशीत पाणीच जास्त, त्यामुळे क्ष-किरणांची ऊर्जा बहुतेक वेळा पाण्याच्या रेणूत जाते. तो फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून तो शेजारच्या डीएनएमधून हायड्रोजनचा अणू ओरबाडून घेतो. आता डीएनएच्या साखळीवर उघडी जखम आहे आणि तिच्याकडे दोघं धावत आहेत. एक ग्लुटाथायोन, पेशीतलाच गंधकयुक्त रेणू. तो आधी पोचला तर स्वतःचा हायड्रोजन देऊन जखम जागच्या जागी भरून टाकतो. दुसरा ऑक्सिजन. तो आधी पोचला तर जखमेला चिकटतो, पेरॉक्सिल रॅडिकल बनतो, आणि मग मागाहून हायड्रोजन मिळाला तरी मूळ रचना परत येत नाही. घाव पक्का होतो. ही शर्यत काही मिलिसेकंदांत संपते, म्हणून ऑक्सिजन त्या क्षणी तिथे हजरच लागतो. तो जवळजवळ नसेल, तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो!

लुई हॅरॉल्ड ग्रे (डोसचं एकक 'ग्रे' त्यांच्याच नावाचं) आणि थॉमलिन्सन यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिनीलगतच्या पेशी टवटवीत होत्या, पण तिथून दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉनवर, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीपलीकडे, मेलेल्या पेशींचा चोथा होता. या दोन्हींच्या सीमेवर अर्धपोटी ऑक्सिजनवर जिवंत राहिलेल्या पेशी असतात. किरणांना दाद देत नाहीत त्या याच.

आता हिशोब रक्ताचा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १२ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात सोळाएक मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, ८ असेल तर अकराच्या आसपास. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढतं. मग पिशव्या लावल्या की काम झालं?

तसं होत नाही. ऑक्सिजनचा दाब ३ मिलिमीटर पाऱ्याइतका जरी असला तरी पेशीला अर्धीअधिक संवेदनशीलता मिळते, आणि निरोगी ऊतींत तो चाळीसच्या आसपास असतो. म्हणजे रक्तवाहिनीजवळच्या पेशींना वाढीव ऑक्सिजनाने फारसा फरक पडत नाही. ज्यांना पडेल त्यांच्यापर्यंत गाठीतल्या वेड्यावाकड्या, मध्येच बंद पडणाऱ्या वाहिन्या तो पोचवत नाहीत. शिवाय साठवलेल्या रक्तात २,३-डीपीजी हा रेणू पहिल्या दोन आठवड्यांतच घटतो. असं रक्त ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं आणि शरीरात गेल्यावर पूर्ववत व्हायला त्याला एक ते तीन दिवस लागतात.

चाचण्यांनीही डोळे उघडले. डोके-मानेच्या कॅन्सरवरच्या डॅनिश चाचण्यांत रक्त चढवल्याने निकाल सुधारला नाही. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन वाढवलेल्या रुग्णांत तर गाठ अधिक वेळा पुन्हा वाढली, हे २००३ साली प्रसिद्ध झालं. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांचे निकाल वाईट लागतात हे खरंच आहे, पण मोठी, रक्तस्राव करणारी गाठ स्वतःच हिमोग्लोबिन उतरवते. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे इथे सहज उलटंपालटं होतं.

म्हणूनच 'कॅन्सरला ऑक्सिजन सहन होत नाही' असं सांगून ऑक्सिजनयुक्त पाणी विकणाऱ्यांचा मला संताप येतो. हवेच्या संपर्कातल्या लिटरभर पाण्यात सहाएक मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो, अगदी शुद्ध ऑक्सिजनखाली ठेवलं तरी तीसच्या आत. एका साध्या श्वासात शंभर मिलिलिटर आत जातो.

गाठीच्या आत ऑक्सिजन पोचवण्याचं काम रेडिएशनचा रोजचा छोटा डोस करतो. बाहेरच्या पेशी मरतात, त्यांचा वाटा आतल्यांना मिळतो, आणि त्या पुढच्या डोसाच्या टप्प्यात येतात. चढवलेलं रक्त धाप आणि थकवा कमी करतं, रक्तस्रावाची झीज भरून काढतं, आणि पेशंट रोज त्या टेबलावर पोचू शकतो. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला तेवढे दिवस मिळतात.